दस्ता घरी, नळी दुकानात

खेड तालुक्यातल्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे : "आमचे सासरे मागच्या वर्षी वारले. त्यांची दुनळी बंदूक घरात आहे. दस्त्याचे पॉलिश उडाले आहे, नळीवर गंज चढला आहे आणि एका बाजूचा चाप ओढला तर नुसताच मागे जातो. मोठा मुलगा म्हणतो, मोबाईलवर बघून घरीच नवीन करतो. पॉलिश पेपर आणि ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश आणूनसुद्धा ठेवला आहे. करू द्यावे का?"

भगिनी, तो ब्रश आधी उचलून ठेवा. मुलावर रागावू नका. दादाची वस्तू भंगारात जाऊ नये असे वाटणारी मुले आता फार राहिलेली नाहीत. त्याला बसवून आमचे हे चार शब्द वाचायला द्या. त्याच्या हातालाही काम मिळेल, फक्त ते त्याने ठरवलेले काम नसेल.

रत्नागिरी-रायगडच्या डोंगरपट्ट्यात आपल्या बऱ्याच घरांनी अशी बंदूक पाहिली आहे. कोणाकडे ठासणीची, कोणाकडे काडतुसाची. कोणाचे आजोबा जहाजावर होते आणि परतल्यावर त्यांनी हौसेने परवाना काढला. कोणाला भातशेतीत घुसणाऱ्या रानडुकरांसाठी तो मिळाला. हाका घालून रानात शिरण्याचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याबरोबर सरत गेले. पिकात आलेल्या डुकरालाही आज वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. बंदुका मात्र घरात राहिल्या. वर्षातून एकदा तपासणीला आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला त्या बाहेर निघतात.

आता पॉलिशच्या आधीची गोष्ट, कारण पत्रात ती कुठेच नाही. परवाना कोणाच्या नावावर आहे? सासऱ्यांच्या असेल तर तो त्यांच्याबरोबर संपला. बंदुकीचा परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. मालक वारल्यावर बंदूक घरात ठेवून देणे बेकायदा आहे, मग ती कितीही गंजलेली असो आणि चाप चालो वा न चालो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे वारसांनी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. ठाण्यात आधी जाऊन कल्पना द्या आणि ते सांगतील तशीच बंदूक न्या. पावती घ्या. पावतीवर बंदुकीचा नंबर, बनावट आणि ती कोणत्या अवस्थेत दिली हे लिहून घ्या. जमा केली म्हणजे गेली असे नाही. वारसाच्या नावावर परवाना झाला की ती परत मिळते; ठेवायची नसेल तर रीतसर विकताही येते.

वारसाच्या नावाने परवान्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे. वारस एकापेक्षा जास्त असतील तर बाकीच्यांची ना-हरकत लागते. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी असे आम्हाला वाटते. बंदूक ही मरहूमांच्या मालमत्तेचाच भाग आहे. परवाना एका मुलाच्या नावावर झाला म्हणून बहिणींचा तिच्या किमतीतला हिस्सा संपत नाही. ना-हरकतीवर सही घेताना 'ताई, इथे सही कर' एवढ्यावर उरकू नये. जुन्या विलायती बंदुकीला किंमत असते. आणि ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी हेही लक्षात ठेवावे की परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक त्यांच्याकडे २५ वर्षे असली, तर ते जिवंतपणीच एखाद्या वारसाचे नाव पुढे करू शकतात. त्यामुळे मागे राहिलेल्यांची मोठी धावपळ वाचते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाची बंदूक त्यातच मोजली जाते.

परवाना झाला, बंदूक घरी आली असे समजू. मग दुरुस्ती घरी करावी का? कायदा इथेही सरळ बोलतो. त्याच शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात बंदूक बनवणे आणि विकणे यांच्याबरोबर 'दुरुस्त करणे' हाही शब्द आहे आणि त्याला वेगळा परवाना लागतो. घरमालकाकडे असतो तो बंदूक बाळगण्याचा परवाना. साफसफाई आणि तेलपाणी त्याने जरूर करावे. चाप, घोडा, स्प्रिंग, नळीचा जोड ही कामे दुकानाची. नळी आखूड करण्याचा विचार तर मनातही आणू नये. तो स्वतंत्र गुन्हा आहे.

पॉलिश पेपरची भीती आम्हाला वाटते ती आठव्या कलमामुळे. बंदुकीवर कोरलेले नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणे, काढणे, बदलणे याला बंदी आहे. नंबर बहुतेक वेळा नळीच्या बुडाशी खालच्या सपाट भागावर आणि मधल्या लोखंडी सांगाड्यावर असतो, उथळ कोरलेला. ड्रिलच्या ब्रशला तो पुसायला फार वेळ लागत नाही. मुलाने चांदीसारखी चकचकीत नळी करून दाखवली आणि पुढच्या तपासणीत नंबर वाचता आला नाही, तर हेतू चांगला होता हे कोणाला आणि कसे पटवणार?

त्याच सपाट भागावर बारीक छाप असतात. मुकुट, अक्षरे, आकडे. बंदूक विलायती असेल तर ते तिथल्या चाचणीगृहाचे शिक्के. लंडन आणि बर्मिंगहॅम इथे नव्या नळीत मुद्दाम जादा दारूचे काडतूस उडवून पाहत आणि नळी टिकली तरच शिक्का मारत. ते शिक्के म्हणजे बंदुकीची जन्मपत्रिका. नळी जुन्या काळ्या दारूसाठी तपासलेली आहे की नंतरच्या धूरविरहित दारूसाठी, काडतुसाचे घर किती लांबीचे आहे, हे जाणकार त्यावरून सांगतो. आपल्याकडच्या जुन्या बारा बोअरमध्ये ६५ मिलिमीटरचे घर पुष्कळदा आढळते. त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस सहज बसते आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि आतला दाब वाढतो.

बारा बोअर म्हणजे काय, असे मुले हमखास विचारतात. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या तर एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअरची. साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून सोळा बोअर ही बारापेक्षा बारीक.

आता मुलाला कामाला लावू. परवानाधारकाने स्वतः शेजारी बसावे, बंदूक दुसऱ्याच्या हाती सोपवून उठू नये. पहिले काम बंदूक उघडून दोन्ही घरे रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहण्याचे. दोघांनी पाहावे. काडतुसे त्या खोलीत नसावीत. दुनळी हत्याराशिवाय तीन भागांत सुटते : नळीखालचा छोटा लाकडी भाग, नळ्या, आणि दस्ता. एवढेच सोडायचे. स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही. जुन्या बंदुकीच्या स्क्रूच्या खाचा इतक्या अरुंद असतात की कारागीर प्रत्येकासाठी पाते घासून बसते करतो. बाजारातला ड्रायव्हर घसरतो, खाच फाटते आणि शेजारच्या नक्षीवर कायमचा ओरखडा राहतो. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून 'टक' आवाज काढण्याचा खेळही नको. आतली पिन त्याने तुटू शकते.

नळ्या सुट्या झाल्या की उजेडाकडे धरून आतून पाहा. चांगली नळी आरशासारखी दिसते आणि तिच्यातली प्रकाशाची कडी सगळीकडे गोल असते. कडी कुठे वाकडी झाली तर तिथे पोचा आहे. काळे ठिपके दिसले तर गंजाने खड्डे पाडले आहेत. मग बुडाशी असलेल्या आकड्यात बोट अडकवून नळ्या लोंबत्या धरा आणि लाकडाच्या तुकड्याने हलके ठोका. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तसेच. घंटेसारखा लांब आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे. बद्द, फाटका आवाज आला तर जोड कुठेतरी सुटला आहे. पोचा, खड्डे, बद्द आवाज, यातले एकही असेल तर ती बंदूक कारागिराने नळीची जाडी मोजेपर्यंत उडवायची नाही. ईदला नाही, लग्नातही नाही. आनंदासाठी हवेत बार काढणे तर २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

नळीवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा गोगलगायीच्या वाटेसारखी नक्षी दिसली तर जास्तच सांभाळा. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, भट्टीत ठोकून केलेली ती दमास्कस नळी. बर्मिंगहॅम आणि बेल्जियममधले लिएज ही या कामाची मोठी गावे. तिच्यावरचा तपकिरी रंग हा मुद्दाम चढवलेला गंजच असतो. गंज समजून तो घासला की शंभर वर्षांची नक्षी पांढरी पडते. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. त्या भिंतीवर शोभतात, आजचे काडतूस त्यांच्यात घालू नये.

साध्या पोलादी नळीवरचा वरवरचा गंज मात्र घरी निघतो. शिलाई मशीनचे पातळ तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी तांब्याच्या जुन्या नाण्याच्या कडेने गंजाचा डाग हलके खरवडा. तांबे पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि नळीला ओरखडा पडत नाही. उरलेल्यासाठी सर्वांत बारीक, चार शून्याचे स्टील वूल तेलात भिजवून बोटाच्या टोकाने फिरवा. नंबर आणि शिक्के असलेल्या भागावर तेही नको, तिथे नुसती तेलाची चिंदी. आतून गजाला सुती चिंदी लावून, ती स्वच्छ निघेपर्यंत ओढायची. गज नेहमी बुडाकडून घालावा. तोंडाकडून घातला तर सगळी घाण मधल्या भागावर येते. खोबरेल तेल घरात आहे म्हणून वापरू नका. ते थंडीत गोठते आणि पुढे खवट, चिकट होते.

नळीचा निळा-काळा रंग उडाला असेल तर तो राहू द्या, किंवा दुकानात द्या. दुकानात देतानाही एक प्रश्न विचारा : रंग कसा चढवणार? एकनळीला कॉस्टिकच्या उकळत्या द्रावात बुडवून रंग देतात आणि काम तासाभरात होते. दुनळीच्या नळ्या मात्र पट्टीला कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात. आपल्या भांड्यांना कल्हई करतात तेच कथील. कॉस्टिक तो डाक खाऊन टाकते. बाहेरून बंदूक नवी दिसते आणि पट्टी आतून सुटत जाते. दुनळीसाठी जुनी, सावकाश रीत आहे. सौम्य द्रावाने नळीवर बारीक गंज येऊ द्यायचा, नळी पाण्यात उकळायची म्हणजे लाल गंज काळा होतो, वरची भुकटी पुसायची आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे. दिवसांमागून दिवस जातात. 'उद्या घेऊन जा' म्हणणाऱ्याकडे दुनळी ठेवू नका.

दस्ता मात्र घरचा. आमच्या मते या सगळ्यात खरा आनंद तिथेच आहे. चांगल्या बंदुकीचा दस्ता अक्रोडाचा असतो. हात लावण्याआधी ओल्या कापसाने नुसता पुसून पाहा. खाली काय लपले आहे ते दिसते. पुष्कळदा लाकूड उत्तम असते, वर फक्त घाम, धूर आणि जुन्या तेलाचा थर असतो. तो टर्पेंटाइनने भिजवलेल्या कापडाने निघतो. हे काम पडवीत करा, चुलीपासून लांब. हाताच्या पकडीजवळची जाळीदार नक्षी जुन्या दातांच्या ब्रशने साफ करायची. पॉलिश पेपर त्या जाळीला शिवता कामा नये. जाळीची टोके एकदा बोथट झाली की दस्ता हातात सरकतो. जिथे लाकूड लोखंडाला भिडते तिथेही घासायचे नाही. लाकूड लोखंडाच्या बरोबरीत किंवा केसभर वर असावे. ते खाली गेले की कोणीतरी घासून वाटोळे केले आहे हे जाणकाराला लांबूनच कळते.

पोचे घासून काढायचे नसतात, ते वर आणायचे असतात. सुती कापडाची ओली घडी पोच्यावर ठेवा आणि तापलेल्या इस्त्रीचे टोक दोन-तीन सेकंद टेकवा. वाफ आत जाते, दबलेले तंतू फुगतात आणि पोचा वर येतो. एकदा जमले नाही तर पुन्हा करा. तंतू तुटून खाच पडली असेल तर ती येणार नाही. ती राहू द्यावी. सासरे कधीतरी बांध उतरताना घसरले असतील, त्या दिवसाची ती खूण.

लोखंडाजवळचे लाकूड काळे आणि मऊ झाले असेल तर ते तेल प्यालेले आहे. बंदूक वर्षानुवर्षे दस्त्यावर उभी ठेवली की यंत्रातले तेल खाली झिरपत लाकडात उतरते. खडूची बारीक पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून तिथे लेप द्या आणि कोवळ्या उन्हात ठेवा. पूड तेल शोषून पिवळी पडते. झटका, पुन्हा लेप द्या. चार-पाच वेळा करावे लागते. पकडीच्या बारीक भागात तडा दिसला तर तो डिंकाने चिकटवून दडवू नका. बार निघताना सगळा धक्का तिथून जातो. तो तडा दुकानाचा.

शेवटी तेल. अळशीचे कच्चे तेल, काही भागांत जवसाचे म्हणतात तेच. विलायती कारागिरांचा तांबूस रंगाचा जो नावाजलेला हात आहे, त्यातले गुपित आपल्या स्वयंपाकघराला अनोळखी नाही. अल्कनेट नावाची मुळी ते तेलात भिजवत आणि मुळीचा लाल रंग तेलात उतरे. आपल्याकडे त्याच कामाची मुळी रतनजोत म्हणून मिळते, रोगनजोशला लाली आणणारी. थोडे रतनजोत कोमट अळशीच्या तेलात आठवडाभर ठेवून गाळा. आधी फळीच्या तुकड्यावर लावून रंग पाहा. मग दस्त्यावर चार थेंब टाकून तळहाताने गरम होईपर्यंत चोळा आणि उरलेले सगळे पुसून काढा. थर जाड झाला की तो वाळत नाही, नुसता चिकट राहतो. कच्चे तेल वाळायला दिवस घेते, पावसाळ्यात आणखी जास्त. पुढचा हात आधीचा पूर्ण वाळल्यावरच. महिनाभर असे चालू द्या. मुलाला घाई असेल तर त्याला सांगा, व्हार्निश दोन तासांत वाळते आणि दोन वर्षांत पापुद्रे सोडते.

अळशीच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चुरगळलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. एकेक चिंधी बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

राहिला तो न लागणारा चाप. आत स्प्रिंग मोडली असेल किंवा घोडा अडवणारी खाच झिजली असेल, आणि दुसरे जास्त वाईट. अशी बंदूक बंद करतानाच सुटू शकते. परवानाधारकाने ती स्वतः दुकानात न्यावी. मुलाला पाठवायचे तर लेखी अधिकारपत्र आणि परवाना बरोबर द्यावा, कायद्यात तेवढी सवलत आहे. दुकानाचा दुरुस्तीचा परवाना पाहायला संकोच करू नका आणि बदललेले जुने भाग परत मागा.

पेटीत सासऱ्यांची जुनी काडतुसे असतीलच. कागदी असतील तर दमटपणाने फुगलेली. ती उडवून संपवू नका, विहिरीत किंवा कचऱ्यात तर अजिबात टाकू नका. मोजून, बंदुकीबरोबरच ठाण्यात किंवा दुकानदाराकडे लेखी जमा करा.

आणि बंदूक परत आली की तिला कातड्याच्या पेटीत कोंडू नका. कोकणच्या पावसाळ्यात कातडे पाणी धरते आणि नळीला लावून ठेवते. तेलाची चिंदी फिरवून, कोरड्या कुलुपबंद कपाटात, तोंड खाली आणि दस्ता वर अशी ठेवा. तोंडाखाली जाड कापडाची घडी. पावसाळ्याचे चार महिने दर पंधरा दिवसांनी एकदा काढून पुसा, घामाच्या बोटांचे ठसे आधी. कपाटाची किल्ली ज्याच्या नावावर परवाना आहे त्याच्याकडेच राहू द्या.